हिरडीटोल्याचा तारांकित प्रश्न

सकाळपासून तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा हर्षाचे दोन्ही हात लाखोरीच्या वाटलेल्या डाळीनं भरले होते. तिनं कोपरानं फोन सरळ केला. नाव दिसलंच. भुपेंद्रबाबू, तालुका कार्यालय. तो वाजून वाजून थांबला, आणि लगेच दुसरा सुरू झाला. हा धर्मेंद्रदादाचा.

"उचल ना बाई," चुलीपाशी बसलेल्या मालनबाई म्हणाल्या. "काहून वाजू देऊन राहिली?"

"हात खराब आहेत, माय."

"मंग धुवाले पानी नाई का घरात?"

हर्षानं उठून हात धुतले. पदराला पुसलेही. पण फोन तिनं उचलला नाही.

धान चुरून झालं, अंगणातले धानाचे पुंजणे मोडले, की करडी गावातल्या या घरी एका रविवारी नव्या तांदळाचं जेवण व्हायचं. नंदागवळींची तिन्ही लेकरं त्या दिवशी कुठूनही येत. हर्षा वरठीहून यायची. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात होता, आणि आज त्याची पाळी असल्यामुळं ती एकटीच आली होती. धाकटा प्रफुल्ल बायकोला घेऊन जंगलाकडून यायचा. आणि धर्मेंद्र, गेल्या साली अपक्ष उभा राहून निवडून आलेला, तो आता नागपुरातल्या आमदार निवासातून येणार होता, कारण तिथं हिवाळी अधिवेशन चालू होतं.

मंगळवारी त्याचा प्रश्न सभागृहात येणार होता, क्रमांक सात. चैत्रात हिरडीटोला या जंगलालगतच्या पाड्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघानं मारलं, हे खरं आहे काय? अभयारण्याचं पर्यटन गेट बसवल्यापासून टोल्याचा भंडाऱ्याकडचा नऊ किलोमीटरचा रस्ता गावकऱ्यांना बंद आहे आणि त्यांना चौतीस किलोमीटरचा वळसा पडतो, हे खरं आहे काय? सिरसखेड्याच्या आरोग्य केंद्रात चौदा महिने डॉक्टर नाही, हे खरं आहे काय? असल्यास, शासनानं काय केलं?

ती बाई म्हणजे मालनबाईंची पाठची बहीण, कौतिका.

सरकारला प्रश्न विचारला की सरकार काही स्वतः उत्तर शोधायला निघत नाही. कागद खाली सरकतो. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि तालुक्यातून त्या गावच्या नर्सबाईला. हिरडीटोल्याच्या उपकेंद्राची नर्सबाई अकरा वर्षं हर्षाच होती. भावानं विचारलेला प्रश्न असा फिरत फिरत बहिणीच्या टेबलावर येऊन बसला होता.

छापील उत्तर तर आलंही होतं. 'रुग्णवाहिका चाळीस मिनिटांत पोहोचली.' आता मंत्र्यांजवळ ठेवायला त्याचा आधार हवा होता, म्हणून भुपेंद्रबाबूंनी दोन ओळींचा मजकूर तयारच करून पाठवला होता. हर्षानं फक्त सही करायची. आणि दादाला हवं होतं तिच्या रजिस्टरातलं त्या दिवसाचं पान. त्यात खऱ्या वेळा होत्या, रुग्णवाहिका नऊ वाजता आल्याची नोंद होती. ते पान सभागृहात वाचलं की चाळीस मिनिटांचं उत्तर जागच्या जागी पडणार होतं.

एकाला सही हवी होती, दुसऱ्याला पान, आणि हर्षा दोघांनाही आठ दिवस टोलवत होती.

"ताई, तेल तापलं," रीना म्हणाली. ती प्रफुल्लची बायको. वडे सोडता सोडता तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही तरी दादायले सांगा ना. गेट बंद झालं तर आमी का करावं? सफारीच्या चार जिप्श्या उभ्या राहतीन दारात. टोल्यातली बावीस पोरं गाईड हायेत. त्यायनं मंग कोठी जावं, पुण्याले?"

"गेट बंद करा असं नाही म्हणत तो. रस्ता उघडा म्हणते."

"एकच होते ना ते, ताई. साहेब लोक वाघ पाहाले येतात. रस्त्यानं ट्रॅक्टर, बैलबंडी जाऊन राहिली तर कोन येईन?"

रीनाचं सगळंच चूक होतं असंही नव्हतं. गेट झाल्यापासून टोल्यात पहिल्यांदा पोरांच्या हाताला बाराही महिने काम मिळालं होतं. प्रफुल्लनं सहा खोल्यांचं अतिथी निवास बांधलं होतं, आणि तिथं स्वयंपाकाला, झाडलोटीला टोल्यातल्याच बाया होत्या.

बारा वाजता धर्मेंद्रची गाडी आली. तो उतरला तोच कानाला फोन लावून. घरात शिरताना त्यानं आईच्या पायाला हात लावला, ओसरीवर खाटेवर बसलेल्या वडिलांच्या, आनंदरावांच्याही लावला, आणि फोन खिशात टाकून सरळ हर्षासमोर उभा राहिला.

"पान आणलंस?"

"आधी जेव ना, दादा."

"हर्षे, झुलवून झुलवून मारून राहिली तू मले. उद्या संध्याकाळपर्यंत ते माझ्या हातात नसंल तर मंत्री उभा राहून म्हणंल, 'हे खरे नाही.' तीन शब्द. त्यानंतर मी तिथं नुसता ओरडणारा अपक्ष."

"सरकारी रजिस्टर हाये ते."

"मी का घरी नेऊन राहिलो? फोटो पायजे फोटो."

तेवढ्यात प्रफुल्ल बाहेरून आला. त्याच्या अंगावर अजून सफारीचं हिरवं जाकीट होतं. दोघे भाऊ क्षणभर एकमेकांकडं पाहत राहिले. हर्षाला जाणवलं की प्रफुल्लची नजर दादावर नाही. ती तिच्यावर आहे.

जेवायला सगळे ओसरीवर ओळीनं बसले. नवा भात, लहान तळ्यातल्या, बोडीतल्या मासोळ्यांचं कालवण, वडे. मग प्रफुल्लनंच विषय काढला.

"दादा, वाघाचा प्रश्न विचार. डॉक्टरचा विचार, मी तुह्या संग येतो मोर्च्यात. पन गेट सोड. तेवढं एक सोडून दे."

"काहून?"

"गेटावर काम करनारी पोरं तुह्याच मतदारसंघातली हायेत. त्यायनं तुले मतं देल्ली."

"देल्ली. मावशीनंही देल्तं."

मालनबाईंनी प्रफुल्लच्या ताटात भात वाढला. त्यांचा धाकट्याकडं कल होता आणि त्या तो लपवत नसत. "अरे धर्मा, तो म्हनते तेबी आयक. कौतिकी गेली. आता गेट उघडलं का नाई उघडलं, ते का वापस येऊन राहिली? त्या दिवशी यानंच तर तिले आपल्या गाडीत नेलं भंडाऱ्याले. सख्ख्या पोरासारखा रडला. गोमाजी आजबी म्हनते, प्रफुल माहा लेकच हाये म्हनून."

हर्षानं हातातला घास ताटात परत ठेवला.

गोमाजी म्हणजे कौतिकाचा नवरा. मूलबाळ नव्हतं त्यांना. बायको गेल्यावर हा माणूस दर सणाला प्रफुल्लच्या घरी येऊन बसायचा, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा. तो हात फिरताना प्रफुल्लचा चेहरा कसा होतो, ते फक्त हर्षानं पाहिलं होतं.

फोन पुन्हा वाजला. भुपेंद्रबाबू. या खेपेला तिनं उचलला.

"सिस्टर, काय हे? आज रविवार असून मी ऑफिसात बसलो आहे. दोन ओळींची सही आहे. उद्या दहाच्या आत नागपूरला गेलं पाहिजे."

"बाबू, चाळीस मिनिटं लागली नाहीत."

"मला माहीत आहे का, तुम्हाला माहीत आहे का? वर छापून गेलं आहे. आता छापलेलं आपण बदलायचं का? तुमच्या रजिस्टरात काही वेगळं असेल तर..." त्यांचा आवाज थोडा मऊ झाला. "तर ते रजिस्टर उंदरानं खाल्लं असंही होऊ शकते. मी वाईट नाही सांगून राहिलो, सिस्टर. तुमची सात वर्षं नोकरी राहिली आहे."

तिनं फोन ठेवला तेव्हा सगळ्यांचे हात ताटात थांबले होते.

"काय म्हने?" धर्मेंद्रनं विचारलं.

"उंदराले खाऊ घाल म्हणे."

धर्मेंद्र उठलाच. खरकट्या हातानं तो तिच्यापुढं आला. "आता तरी दे! अजून कोनाची वाट पाहून राहिली? मावशी तुझी नव्हती? की तुलेबी नोकरीची..."

"दादा, पुरे."

"नाई, मले सांग. आठ दिवस झाले विचारून राहिलो. काय आहे त्या पानात?"

हर्षानं प्रफुल्लकडं पाहिलं. तो ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढत होता. आठ महिने तिनं वाट पाहिली होती की हा एक दिवस स्वतःहून सांगेल. माय विचारेल तेव्हा सांगेल, गोमाजी डोक्यावरून हात फिरवेल तेव्हा सांगेल. आत्ताही तिनं थोडा वेळ दिला. त्यानं मान वर केली नाही.

तिनं फोन उघडला. पानाचा फोटो तिनं केव्हाच काढून ठेवला होता. तो भावाच्या डाव्या हातात दिला.

धर्मेंद्र मोठ्यानं वाचू लागला. "सकाळी सहा पंचेचाळीस, रुग्ण खाटेवर आणले. मान व खांद्यास खोल जखमा. रक्तस्राव. रुग्ण शुद्धीवर. सहा पन्नास, एकशेआठला फोन. वळसा मार्गे दोन तास लागतील असे कळविले. सहा पंचावन्न..."

तो थांबला. मग त्यानं प्रफुल्लकडं पाहिलं, पुन्हा पानाकडं.

"काय हाये सहा पंचावन्नले?" खाटेवरून आनंदरावांनी विचारलं.

हर्षानं सांगितलं. पान तिला पाठ होतं. "सहा पंचावन्न, खाजगी वाहनासाठी फोन, प्रफुल्ल नंदागवळी, जिप्सी. गेटजवळ उभी. वाहन उपलब्ध नाही."

"गेटातून जायचा परवाना फक्त जिप्सीले होता," ती म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यात सुई देताना असायचा तसा सपाट झाला होता. "टोल्यापासून दहा मिनिटांवर उभी होती याची गाडी. भंडाऱ्याले नऊ किलोमीटर रस्ता. मी म्हणलं, प्रफुल, मावशीले वाघानं धरलं, गाडी घेऊन ये. हा म्हणला, पाव्हणे बसले आहेत, रांग सोडता येत नाही, एकशेआठले फोन कर."

"तवा कौतिकी जित्ती होती?" मालनबाईंनी विचारलं.

"होती."

"बोलत होती?"

"हाव, माय. टोपलीतले मोहं सांडले म्हणे. कोनी वेचून आना म्हणे."

मालनबाईंनी हातातला भाताचा डाव पातेल्यात ठेवला. त्याचा जराही आवाज झाला नाही. धाकट्याकडं पाहत त्या म्हणाल्या, "आठ वाजता आला होतास तू गाडी घेऊन."

"आठ पाच," प्रफुल्ल म्हणाला. त्या दुपारचा तो त्याचा पहिला खरा शब्द होता. "पाव्हण्यायले आत सोडून आलो. गेटवाल्यानं सांगतलं होतं, रांग मोडली तर गाडी महिनाभर बंद. आन हल्ल्याची गोष्ट फुटली तर पूर्न गेटच बंद. मले वाटलं... मले वाटलं, लागलं असंन थोडंसं. मी लागलं असंन थोडंसं असंच मानून घेतलं, माय. मले मालूम होतं. ताईचा आवाज आयकूनच मालूम झालं होतं."

रीना पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. तिलाही हे ठाऊक नव्हतं, हे हर्षाला तिच्या पाठीवरूनच समजलं.

"सात पन्नासले गेली ते," हर्षा म्हणाली. "हा आल्यावर तिले घेऊन गेला, पोस्टमार्टमले. तवा गेट उघडलं. जित्ती होती तवा बंद, मेल्यावर उघडं."

"वाचली असती का, ताई?" प्रफुल्लनं विचारलं.

हा प्रश्न तो आठ महिने उराशी घेऊन फिरत असणार. हर्षाला खोटं बोलता आलं असतं, दोन्ही बाजूंनी. "नाही सांगता येत," ती म्हणाली. "रक्त खूप गेलं होतं. कदाचित नसती. पण रस्त्यात गेली असती, माणसायच्या हातात. माझ्या टेबलावर वाट पाहत नाही."

धर्मेंद्र खाली बसला. आता त्याच्या डोक्यात काहीतरी वेगळंच फिरू लागलं होतं, आणि लहानपणापासून त्याला पाहत आलेल्या हर्षाला ते कपाळावरून दिसत होतं. त्यानं फोन तिला परत दिला.

"हे पान राहू दे," तो म्हणाला.

"काय?"

"रस्त्याचा उपप्रश्न मी विचारत नाही. डॉक्टरच्या रिक्त पदावर जोर देतो. त्याचे कागद आहेत माझ्याजवळ." बोलता बोलता त्याचा सूर सभेतल्यासारखा होऊ लागला. "हर्षे, समजून घे. हे पान मी ठेवलं तर अर्ध्या तासात सगळ्या चॅनलवर काय चालंल? आमदाराच्या भावानंच मावशीले मारलं. रस्ता राहील बाजूले. प्रफुल टोल्यात तोंड दाखवू शकनार नाई. आन मीबी."

सकाळी दादा आणि हर्षा एका बाजूला होते, प्रफुल्ल आणि माय दुसऱ्या. एका पानानं दोघे भाऊ एका बाजूला आणून बसवले. प्रफुल्लच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, पण तो नाही असंही म्हणाला नाही.

"म्हणजे भुपेंद्रबाबूची सही करू मी?" हर्षानं विचारलं. "चाळीस मिनिटं?"

"तसं मी म्हनलं का?"

"मग काय म्हणलास? सरकार म्हणते पान दाबून ठेव, तूही म्हणते दाबून ठेव. फरक सांग मले."

आनंदरावांनी ताट बाजूला सारलं. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत त्यांची तीस वर्षं जमिनीखाली गेली होती आणि निवृत्तीनंतर ते घरात फार बोलत नसत. "खानीत घंटीचं येक होतं," ते म्हणाले. "खालून घंटी वाजली, का आमच्या पाळीत पयले मानूस वर येनार. मंग माल. मालाच्या बकेटी भरून उभ्या राहोत, सायेब उभा राहो. हे कोठी लिहून होतं का, मले मालूम नाई. मी वाचलं नाई कदी. पन घंटी वाजल्यावर कोनी रांग पाहेना." ते धाकट्याकडं वळले. "प्रफुल, तुले घंटी आयकू आली होती बेटा."

प्रफुल्ल रडू लागला. तो मोठ्यानं रडत होता, लहानपणी रडायचा तसा, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मालनबाई उठून त्याच्याजवळ गेल्या नाहीत. त्या थोरल्याकडं वळल्या.

"धर्मा, कौतिकीच्या पुन्यानुमोदनाच्या सभेत चारशे मानसात उभा राहून तू का बोल्ला होतास?"

"माय..."

"बोल ना. मले याद हाये. 'मावशीचा आवाज मी सभागृहात नेईन.' आता तिचा आवाज त्या पानात हाये. सहा पंचेचाळीसपासून सात पन्नासपावतर. तेवढाच उरला. तो बी तू अर्धा करून नेशील?"

"अन् प्रफुल?"

"प्रफुलचं मी पाहीन," मालनबाई म्हणाल्या. "तो माहा पोरगा हाये. सरकारचा नाई."

जेवण तसंच राहिलं. हर्षा चार वाजताच निघाली. वरठीला न जाता स्कूटी तिनं हिरडीटोल्याकडं घातली. चौतीस किलोमीटरच्या वळशानं. उपकेंद्र उघडलं, टेबलाशी बसली आणि भुपेंद्रबाबूंचा मजकूर बाजूला ठेवून स्वतःच्या हातानं अहवाल लिहिला. सगळ्या वेळा लिहिल्या. सहा पंचावन्नची ओळही लिहिली. त्या ओळीला पेन दोनदा थांबलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि त्याचा फोटो दोन्हीकडं पाठवला, तालुक्याला आणि भावाला.

तालुक्याहून दहा मिनिटांत फोन आला. "सिस्टर, तुम्हाला कारणे दाखवा नोटीस येईल."

"येऊ द्या, बाबू. कारणं आहेत माझ्याजवळ."

भावाकडून काहीच आलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यानं वाचलं होतं. सोमवार गेला तरी शब्द नाही. त्या दिवशी हर्षानं टोल्यातल्या तीन गरोदर बायांचा रक्तदाब दोन दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा काय आकडा आला ते तिला आठवेना.

मंगळवारी उपकेंद्रात लसीकरण होतं. बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. हर्षानं फोन औषधाच्या खोक्याला टेकवून ठेवला आणि त्यावर सभागृहाचं प्रक्षेपण लावलं. प्रश्न सहा लांबत चालला होता. एका बाळाला डोस पाजता पाजता तिनं घड्याळ पाहिलं. प्रश्नोत्तराचा तास संपायला अकरा मिनिटं होती. संपला की सात नंबर कागदावरच राहणार. दादाला कदाचित तेच हवं असेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मग अध्यक्षांनी सात नंबर पुकारला.

मंत्र्यांनी उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगितलं. धर्मेंद्र उभा राहिला. काळी बंडी, हातात एकच कागद. हर्षाला घरातला दादा आणि हा माणूस एकच आहेत हे पटायला थोडा वेळ लागला.

"अध्यक्ष महोदय, उत्तरात रुग्णवाहिका चाळीस मिनिटांत पोहोचली असं म्हटलं आहे. माझ्याजवळ उपकेंद्राच्या नोंदी आहेत. त्या मी वाचतो."

तो वाचू लागला. सहा पंचेचाळीस. सहा पन्नास. उपकेंद्रातल्या बाया एकेक करून उठल्या आणि खोक्याभोवती जमल्या. त्यातल्या दोघींनी त्या पहाटे खाट धरली होती.

"सहा पंचावन्न. खाजगी वाहनासाठी फोन. प्रफुल्ल नंदागवळी, जिप्सी. गेटजवळ उभी. वाहन उपलब्ध नाही." त्यानं कागद खाली घेतला. "अध्यक्ष महोदय, ती गाडी माझ्या सख्ख्या भावाची होती. मरणारी बाई आमची मावशी होती."

सभागृहात गलका झाला. मागून कोणी काहीतरी ओरडलं. धर्मेंद्र गलका ओसरेपर्यंत तसाच उभा राहिला.

"माझा भाऊ चुकला. त्याचं काय करायचं, ते माझी आई ठरवील. पण रांग सोडली तर गाडी बंद, हे माझ्या आईनं सांगितलं नव्हतं. गाववाल्यांसाठी रस्ता बंद, पाहुण्यांसाठी उघडा, हे तिनं ठरवलं नव्हतं. वाघ आम्हाला हवा आहे. पर्यटनही हवं आहे, माझ्या घरातली चूल त्यावर चालते. मला फक्त एवढंच विचारायचं आहे. उद्या सकाळी हिरडीटोल्यात पुन्हा कोणाला खाटेवर घातलं, तर ते गेट उघडेल की नाही? हो किंवा नाही."

मंत्र्यांनी कागद चाळले. मागच्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी आली. ते उभे राहून म्हणाले की उत्तरातली वेळ तपासून घेतली जाईल, डॉक्टरांची नेमणूक विचाराधीन आहे. धर्मेंद्र पुन्हा उठला. "हो किंवा नाही, महोदय." अध्यक्षांनीही मंत्र्यांकडं पाहिलं. तेव्हा मंत्री म्हणाले, "रुग्णासाठी गेट कोणत्याही वेळी, कोणत्याही वाहनाला उघडलं जाईल. तसे लेखी आदेश आठ दिवसांत निघतील."

तास संपल्याची घंटा झाली.

बायांपैकी एकीनं हर्षाच्या पाठीवर हात ठेवला आणि आपलं लेकरू पुढं केलं. त्याचा डोस राहिला होता.

दुपारभर हर्षा प्रफुल्लला फोन लावत राहिली. बंद. रीनाला लावला. ती म्हणाली, सकाळी निघाले, जिप्सी दारातच आहे, पायी गेले. तळ्याकडं कोणाला पाठवावं की काय, असं वाटून ती दारात आली, आणि तेव्हाच ते दोघे तिला दिसले. उतरत्या उन्हात जंगलाच्या वाटेनं मालनबाई येत होत्या, गेटाच्याच वाटेनं, आणि त्यांच्या एक पाऊल मागं प्रफुल्ल. त्याचं तोंड रडून सुजलेलं होतं. अंगात जाकीट नव्हतं.

"गेटवाल्यानं अडवलं नाही?" हर्षानं विचारलं.

"अडवलं," मालनबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, मी कौतिकीची बहीन होय. बाजूले झाला." त्या उपकेंद्राच्या पायरीवर थांबल्याच नाहीत. "चाल तूबी. गोमाजीकडं जाऊन राहिलो."

गोमाजी अंगणात दोरी वळत बसला होता. टोल्यात बातमी कधीचीच पोहोचली होती. कोणी त्याला फोनवर दाखवलंही असणार. तिघांना पाहून त्यानं दोरी खाली ठेवली नाही, उठलाही नाही. मालनबाई दाराशी थांबल्या, हर्षाही. प्रफुल्ल एकटाच पुढं गेला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. दरवेळी त्याला पाहिलं की म्हातारा हात पुढं करायचा. आज त्यानं केला नाही.

"मावसाजी..." प्रफुल्ल म्हणाला.

गोमाजीनं हात थांबवले. बाजूचा पाट पायानं त्याच्याकडं सरकवला.

"बस," तो म्हणाला. "धर्मेंद्रनं सरकारले सांगतलं. तू मले सांग."